डाव्या बाजूची सुई

१

माझी धाकटी जाऊ पडली ती दवाखान्यातच. घरात पडली असती, वाटेत पडली असती, तर मी नशिबाला चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण ही बाई सकाळच्या सुईची पाळी यायची म्हणून बाकावर माझ्या शेजारी बसली होती, आणि भरलं पोतं कलंडावं तशी माझ्या मांडीवर कलंडली.

“ऊठ गं, सोंगं पुरे,” मी म्हणाले.

उठली नाही. डोळे अर्धे उघडे, ओठांवर कोरडे पापुद्रे.

सिस्टर धावत आल्या. तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्यांनी यंत्राला लावला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. सिस्टरांचं तोंड पांढरंफटक पडलं.

“बिघडलं का हे?” मी विचारलं.

“बिघडलं नाही, काकू. त्याला मोजता येते त्याच्याही वर साखर गेलीये.”

 अहो, रोज सकाळ-संध्याकाळ सुई घेणारी बाई ही! साखर चढेल कशी?

माझा मुलगा दवाखान्याची गाडी चालवतो. त्यानं तिला उचलून गाडीत घातलं. तिच्या चपला बाकाखाली राहिल्या होत्या, त्या मी पिशवीत टॉवेलाखाली कोंबल्या आणि गाडीत चढले. शहरातल्या थोरल्या दवाखान्यात तिला नळ्या लावल्या, काचेच्या दाराआड नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि मलाच दरडावून विचारू लागले.

“आजी, यांना औषध कोण देतं?”

“आमचा दवाखाना देतो. आणि आजी तुमच्या घरी.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “एक तर औषध यांच्या अंगात पुरतं पोचत नव्हतं, नाहीतर औषधाच्या नावाखाली पाणी पोचत होतं. बरेच दिवस.”

हे बोलणं त्यांनी वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. आमच्या भागातले सगळे दवाखाने त्या साहेबांच्या ताब्यात. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आमच्या दवाखान्याच्या बायकांच्या कमिटीची मुख्य मी, म्हणून मला.

“उद्या दुपारी येतो. औषध कुठं जातं ते कळलं नाही, तर फ्रीज उचलून नेणार. शुगरवाल्यांनी शहरात जाऊन सुई घ्यावी.”

रोज दोन वेळा शहरात! दोन गाड्या बदलून! आमच्यातल्या निम्म्या बाया कामाला जातात, निम्म्यांना जिना चढवत नाही. फ्रीज गेला म्हणजे एकेकीची तिरडीच बांधायला घ्यायची.

आणि त्या फ्रीजला हात लावू शकणारी माणसं होती मोजकी. त्यातलं एक माझ्या पोटचं.

२

शाळेचं म्हणाल तर मी दुसरीतून घरी बसले. पण चार सुना आणि दोन जावा नांदवल्या आहेत, खोटं बोलणारं तोंड मला पाठमोरंसुद्धा ओळखू येतं.

आधी दवाखाना कसा चालतो ते सांगते. दोन खोल्या, एक पडदा, एक फ्रीज. आम्हा शुगरवाल्या बायांची औषधं त्या फ्रीजमध्ये राहतात, कारण वस्तीत कुणाच्या घरी फ्रीज नाही. आमच्यात वाचता येणाऱ्या कमी, म्हणून प्रत्येकीनं आपल्या बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक बटण बांधलंय. धाकटीचं बटण काळं, चार भोकांचं, माझ्या मेलेल्या दिराच्या कोटाचं. सकाळची सुई सिस्टर स्वतः टोचतात. संध्याकाळी त्या बाळंतिणी बघायला घरोघर फिरतात, तेव्हा वॉचमन फ्रीजचं कुलूप काढतो आणि बाया पडद्याआड आपली आपण टोचून घेतात. सिस्टरांनी शिकवताना सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: सकाळची पोटाच्या उजव्या बाजूला, संध्याकाळची डाव्या. एकाच जागी टोचून गाठी होऊ नयेत म्हणून.

संध्याकाळची सुई झाली की धाकटी फिरायला जायची. शुगरवाल्यांनी चालावं, हेही सिस्टरांचंच. रात्री आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. समोर कुणी आलं की ताटातलं अर्धं तिकडं सरकवायची तिला खोड. आमच्या वस्तीत सगळ्यांचंच तसं आहे, गिरणी बंद पडली त्या वर्षापासून. त्या वर्षी कुणी पोटभर जेवलं नाही आणि कुणी उपाशीही मेलं नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातून परत आले ती तशीच दवाखान्यात, पिशवी खांद्याला. फाटकात वॉचमन उभा. त्याला आम्ही कार्डमामा म्हणतो, कारण ‘राम राम’ नाही, ‘बरं आहे ना’ नाही, पहिला शब्द ‘कार्ड आहे का?’ नाल्याच्या अलीकडं राहणाऱ्यांना कार्ड मिळतं. पलीकडची खोपटी साहेबांच्या नकाशात नाहीत, म्हणून त्यांना कार्ड नाही आणि औषधही नाही. हे साहेबांचं फर्मान.

त्या वेळी फाटकाशी पलीकडची एक बाई उभी होती, कपाळापर्यंत कापड ओढलेली.

“कार्ड आहे का?” मामानं विचारलं.

ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. मामा जमिनीकडं बघत राहिला.

“नाही ना? मग जा. आज साहेब येणार आहेत.”

ती गेली. मी आत गेले. तेवढं ध्यानात ठेवा.

पहिला धरला औषधवाल्याला. गोळ्यांची पूर्ण पट्टी मागितली तर कात्रीनं कापून निम्मी हातात ठेवतो, म्हणून त्याचं नाव अर्धीपट्टी.

“काय रे, पट्ट्या कापता कापता बाटल्याही कापायला लागलास का?”

“काकू, तोंड सांभाळून!” तो ताडकन उठला. “वरून येतात निम्म्या, तर पूर्ण कुठून देऊ? माझ्याकडं गोळ्यांच्या कपाटाची चावी. फ्रीजची संध्याकाळची चावी कुणाकडं, ते विचारा.”

तोंड रागानं लाल होतं, भीतीनं नव्हे. सोडला त्याला.

मग मुलगा. औषधांची पेटी शहरातून तोच आणतो.

“आई, माझ्यावर संशय?”

“पोटचा आहेस म्हणून पहिल्यांदा नाही विचारलं, हेच उपकार समज. पेटी वाटेत उघडतोस?”

“पेटीला सील असतं. सिस्टर स्वतः तोडतात. आणि त्याच पेटीतलं औषध बाकीच्या सगळ्याजणींना लागू पडतंय. एकट्या काकीलाच पाणी पोचवायला मी काय जादूगार आहे?”

बोलला ते खरं होतं. बापासारखा मठ्ठ नाही, माझ्यावर गेलाय. मी जायला वळले तर तो हळूच म्हणाला, “आई, कार्डमामाच्या बुटांचे तळ बघितलेस कधी?”

३

बघितले. मामा बाकावर पाय लांब करून बसला होता तेव्हा बघितले.

निळे.

नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आहे. त्याचं सांडपाणी नाल्यात येतं, आणि नाल्यावरची फळी ओलांडून पलीकडं उतरलं की तिथला चिखल निळा. एकदा लागला की घासून जात नाही. आमच्या बाजूचं कुणी तिकडं जात नाही. तिकडं आहे काय जायला?

म्हणजे हा पलीकडं जात होता. संध्याकाळी फ्रीजची चावी ह्याच्याकडं. आणि दिवसभर ज्यांना फाटकातून हाकलायचं, त्यांच्याकडं संध्याकाळी हा कशाला जातो? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: माल विकायला! कार्ड नसलेले लोक औषधाला काय वाटेल ते मोजतील.

दुपारी साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत काळे बूट. खुर्चीवर बसायच्या आधी ती रुमालानं पुसली. मी कार्डमामाला दंडाला धरून त्यांच्यासमोर उभा केला.

“हा घ्या चोर. बूट उलटे कर रे!”

मामानं बूट उलटे केले नाहीत. हाताच्या पंजात टोपी चुरगाळत उभा राहिला.

“पलीकडं जातोस?” साहेबांनी विचारलं.

“राहतोच तिकडं, साहेब.”

माझ्या तोंडाचा आ वासला. हा, जो येईल त्याला कार्ड विचारणारा, ह्यालाच कार्ड नव्हतं!

“मग औषध तू नेलंस?”

मामानं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा फाटकाकडं. मग मान खाली घालून म्हणाला, “होय. मीच. काळ्या बटणाच्या बाटलीतलं काढून घेतलं आणि पाणी भरलं. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही. मला कामावरून काढा, पोलिसात द्या, पण लवकर काय ते करा. मला जाऊ द्या.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि सिस्टर म्हणाल्या, “हा खोटं बोलतोय.”

४

त्यांच्या हातात धाकटीची बाटली होती. उजेडात धरून त्यांनी ती हळू फिरवली.

“हे औषध दुधासारखं असतं. पाणी घातलं तर पाणचट दिसेल. बघा, कसं दाट आहे. आणि बाटली जेवढी रिकामी व्हायला हवी, तेवढीच झालीय. चोरीही नाही, भेसळही नाही.”

“मग रोग्याच्या अंगात औषध का नाही?” साहेब वैतागले.

“तेच मी आत्ता थोरल्या दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. म्हटलं, पोट बघ आणि सांग.” सिस्टर माझ्याकडं वळल्या. “काकू, उजव्या बाजूला सुयांच्या खुणा आहेत. त्या माझ्या. डावी बाजू कोरी आहे. एक ठिपका नाही.”



संध्याकाळची सुई धाकटी पडद्याआड जाऊन भरत होती. बाटली बरोबर उतरत होती. पण ती सुई तिच्या पोटात जात नव्हती. पडद्याआड दुसरं कुणी नसतं. म्हणजे औषध नेणारी तीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मीच निघाले होते, आणि चोर कोण, तर जिचं सामान चोरीला गेलं ती!

घाम फुटला. पुसायला पिशवीतून टॉवेल ओढला. पांढरा टॉवेल, कालच घरून घेतलेला. त्याच्यावर निळा डाग होता. हाताएवढा, चपलेच्या आकाराचा.

मी पिशवी पालथी केली. धाकटीच्या चपला फरशीवर पडल्या, तळवे वर. निळे. थरावर थर बसलेले. एका दिवसाचे नव्हेत.

आता सगळं आपोआप जुळायला लागलं. ‘चालायला जाते, जाऊबाई.’ चालत होतीच की, फळीवरून पलीकडं! भरलेली सुई घेऊन. समोर उपाशी कुणी दिसलं की ताटातलं अर्धं सरकवणारी बाई ती, तिनं बाटलीतलंही अर्धं सरकवलं. सकाळची आपली, संध्याकाळची दुसऱ्याची. आणि हा गडी चोरी अंगावर घेत होता, कारण त्याला तिचं नाव येऊ द्यायचं नव्हतं. परक्या बाईसाठी माणूस तुरुंगात कधी जातो? तिनं त्याचं काही फार मोठं राखलेलं असतं तेव्हा.

“मामा,” मी म्हणाले, “सकाळी फाटकाशी ती बाई आली होती, जिला तू कार्ड विचारलंस. ती कोण?”

त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. 

“कोण होती रे?”

“माझी बायको.”

 अर्धीपट्टी दारात कात्री घेऊन उभा होता, त्यानं कात्री खाली ठेवली.

“आणि संध्याकाळची सुई कुणाला?”

“मुलीला. दहा वर्षांची आहे. शहरात शुगर निघाली. त्यांनी एक बाटली दिली, माप शिकवलं आणि सांगितलं, पुढची तुमच्या दवाखान्यातून घ्या. आमच्या दवाखान्यात तर...” त्यानं फाटकाकडं बोट केलं. “धाकट्या काकूंनी मला रडताना बघितलं होतं. चावी माझ्याकडं होती, पण आपणहून बाटलीला मी कधी हात लावला नाही.”

आणि मग मला आणखी एक कळलं. धाकटी काल सकाळी पडली. म्हणजे काल संध्याकाळी फळीवरून कुणी गेलं नव्हतं. आजही कुणी जाणार नव्हतं.

“सिस्टर,” मी ओरडले, “त्या पोरीला परवा संध्याकाळनंतर सुई नाही!”

५

कशी धावले ते माझं मला ठाऊक नाही. गुडघे माझे, पण हुकूम कुणा दुसऱ्याचा. पुढं मामा, मागं बॅग घेऊन सिस्टर, मग मी, आणि माझ्या मागं “अहो, चाललात कुठं? माझं बोलणं संपलेलं नाही!” असं ओरडत साहेब. फळी ओली होती. मी साहेबांचा हात धरला. त्यांना आधार द्यायला नव्हे, ते परत पळू नयेत म्हणून.

पलीकडं पत्र्याच्या खोपटात ती पोर पडली होती. काडीसारखी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि खोलीभर गोडसर वास सुटला होता, नासक्या फळांसारखा. तिची आई उशाशी बसून तिच्या ओठांना ओलं बोट लावत होती. सकाळचंच कापड कपाळावर. आम्हाला बघून उठली नाही.

“कार्ड नाही आमच्याकडं,” ती म्हणाली. एवढंच.

साहेब दारातच थांबले. आत यायला जागाही नव्हती म्हणा.

सिस्टरांनी पोरीचे डोळे बघितले. “सलाईन लागेल. दवाखान्यात न्यायचं. आत्ता!”

मामानं लेकीला खांद्यावर टाकलं. फळीवरून तो असा गेला की जणू खाली नाला नाहीच. आणि फाटकाशी येऊन थांबला. खरंच थांबला! हाकलायची इतकी सवय त्या माणसाला, की स्वतःच्या मुलीला घेऊन आत पाय टाकवेना.

“काकू,” तो म्हणाला, “हिचं कार्ड नाही.”

मी फाटकाला लाथ घातली. अजून अंगठा दुखतो.

आत सिस्टरांनी एका हातानं सलाईन लावलं, दुसऱ्या हातात फोन, थोरल्या दवाखान्याचे डॉक्टर माप सांगत होते. मग फ्रीज उघडून त्या थबकल्या. साहेब समोरच उभे.

“सर, कार्डाशिवाय औषध काढायचं तर तुमची परवानगी लागते.”

साहेब पोरीच्या छातीकडं बघत होते. करत असतील विचार, पण विचाराला वेळ लागतो आणि श्वासाला लागत नाही.

“काळ्या बटणाची काढा,” मी म्हणाले. “ती माझ्या जावेची. तिचं कार्ड आहे. त्यातलं कुणाला द्यायचं ते तिनं कधीच ठरवलंय.”

सिस्टरांनी फोनवर विचारलं, “आहे ते हेच, चालेल?” फोनमधून होकार आला. त्यांनी सुई भरली.

साहेबांनी अडवलं नाही.

६

माझ्या मुलानं तीच गाडी, तोच रस्ता, पुन्हा पळवली. पोर धाकटीच्याच मजल्यावर राहिली. पहिली रात्र कुणीच काही खात्रीनं सांगेना. सकाळी तिनं पाणी मागितलं, तेव्हा मामा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

धाकटी शुद्धीवर आली. मला बघून ‘कशा आहात’ नाही, ‘मी कुठं आहे’ नाही.

“ती?” म्हणाली.

“आहे जिवंत. दोन खाटा सोडून. तुझ्यापेक्षा बरी आहे.”

तिनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत गेलं.

“जाऊबाई, रागावलात?”

“रागावू नको तर काय ओवाळू? मरत होतीस, गधडे!”

“एका ताटात दोघी जेवतो, कधी कमी पडलंय का? मला वाटलं, सुईचंही तसंच. मी अर्धी, ती अर्धी. दोघी तरून जाऊ.”

“पाहुणे आले म्हणून पाणी घालून वाढवायला औषध म्हणजे काय कालवण आहे? आणि माझ्यापासून लपवलंस!”

“सांगितलं असतं तर तुम्ही तुमची अर्धी काढून दिली असती,” ती म्हणाली. “तुम्हालाही शुगर आहे ना.”

 तिचं पांघरूण नीट केलं आणि नर्सवर उगीच खेकसले.

फ्रीज जागेवर आहे. त्यात आता एक बाटली जास्त आहे. तिला पिवळं बटण बांधलंय, पोरीनं स्वतः निवडून. साहेबांनी ती त्यांच्या सहीवर ठेवू दिलीय, बाकी पलीकडच्यांचा कागद वर पाठवलाय म्हणतात. वर म्हणजे किती वर ते देव जाणे. कागद आलेला नाही, पण मी दर आठवड्याला फोन करते, आणि माझा फोन आला की त्यांचा शिपाई म्हणे बसल्या जागी उभा राहतो. कार्डमामा फाटकात आहे. ‘कार्ड आहे का’ अजून त्याच्या तोंडात येतं, मधेच गिळतो आणि ‘काय होतंय?’ विचारतो.

परवा साहेब खोपटी मोजायला आले होते. स्वतः. मोजून परत आले, बाकावर बसले, एक पाय दुसऱ्यावर टाकून बुटाचा तळ रुमालानं घासायला लागले. पहिल्या दिवसाचा डाग होताच, त्यावर हा नवा. रुमाल निळा झाला, बूट होता तसाच.

“काकू,” त्यांनी विचारलं, “हा रंग जातो कशानं?”

“नाही जात,” मी म्हणाले.